सदोष आकाश आणि चोख नोंद



‘उल्का’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ जळते कोलीत असा आहे. वराहमिहिराने बृहत्संहितेत उल्कांसाठी स्वतंत्र अध्याय योजला, त्यांचे धिष्ण्या, उल्का, अशनी, विद्युत् आणि तारा असे पाच प्रकार सांगितले आणि स्वर्गातील पुण्यफळ भोगून खाली येणाऱ्या जीवांचे ते रूप होय, असे प्रतिपादन केले. वि. स. खांडेकरांनी १९३४ साली आपल्या कादंबरीला हेच नाव दिले. लोकांच्या तोंडी मात्र आजही ‘तारा तुटला’ हाच शब्दप्रयोग आहे.

वस्तुतः तारा तुटत नाही. जळतो तो वाळूच्या कणाएवढा, फार तर हरभऱ्याच्या दाण्याएवढा खडा. धूमकेतूने आपल्या मार्गावर सांडलेल्या धुळीतून पृथ्वी दरवर्षी ठरावीक तारखांना जाते. त्या वेळी हे कण प्रचंड वेगाने वातावरणात शिरतात आणि शंभर किलोमीटरच्या आसपास उंचीवर उजळून नाहीसे होतात. ययाती तारकासमूहातील प्रसिद्ध वर्षाव ऑगस्टच्या १२-१३ तारखेला येतो. परंतु त्या दिवसांत या भागाचे आकाश बहुधा पावसाळी ढगांनी झाकलेले असते. पांढुर्णा-सौंसरच्या हौशी निरीक्षकाला खऱ्या अर्थाने लाभतो तो डिसेंबरच्या १३-१४ तारखेच्या रात्रीचा मिथुन राशीतील वर्षाव. याचा जनक मात्र नेहमीसारखा धूमकेतू नसून १९८३ साली सापडलेला फेथॉन नावाचा खडकाळ लघुग्रह आहे. पुनर्वसू नक्षत्रातील कॅस्टर ताऱ्याजवळून या उल्का निघाल्यासारख्या दिसतात आणि ते स्थान रात्री दोनच्या सुमारास येथे जवळजवळ डोक्यावर येते.

तरीही हौशी माणसाची पहिल्याच रात्री निराशा होते. ताशी दीडशे उल्का पडतील असे त्याने वाचलेले असते आणि प्रत्यक्षात तासाभरात वीसच दिसतात. मग पुस्तक खोटे, नाही तर आपले डोळे अधू, अशा दोनच निष्कर्षांपैकी एक काढून तो पांघरूण गुंडाळतो. वास्तविक दोन्ही निष्कर्ष चुकीचे असतात. दीडशे हा आकडा आदर्श आकाशाचा आहे. उल्कांचे उगमस्थान थेट डोक्यावर, ढगांचा मागमूस नाही आणि साध्या डोळ्यांना ६.५ प्रतीपर्यंतचे मंद तारे दिसताहेत, अशी ती कल्पना. असे आकाश कोणत्या गावाला लाभले आहे? पांढुर्ण्याला महामार्गाचे आणि बाजारपेठेचे दिवे आहेत, सौंसरला बोरगावच्या औद्योगिक क्षेत्राचे आणि दोन्ही गावांना आग्नेयेकडून नागपूरच्या उजेडाची झळ आहे. त्यात थंडीचे धुके आणि शेतातला धूर यांची भर पडते.

परंतु आकाशाचा दोष मोजता येतो, ही या छंदातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट होय. समजा, मध्यरात्रीच्या सुमारास एका निरीक्षकाला तासाभरात वीस मिथुन उल्का दिसल्या. त्याला पाचव्या प्रतीपर्यंतचेच तारे दिसत होते. मिथुन वर्षावात एका प्रतीच्या फरकाने उल्कांची संख्या सुमारे २.६ पट बदलते. तेव्हा दीड प्रतीच्या उणिवेसाठी वीसला सुमारे ४.२ ने गुणावे लागेल. उगमस्थान क्षितिजापासून ६० अंशांवर होते, म्हणून आलेल्या संख्येला ०.८७ ने भागावे. आकाशाचा पाचवा हिस्सा झाडांनी आणि ढगांनी अडवला होता, त्यासाठी १.२५ ने गुणावे. उत्तर येते सुमारे १२१. म्हणजे त्या वीस उल्का आदर्श आकाशातील शंभराहून अधिक उल्कांच्या तोलाच्या होत्या. मात्र यासाठी अट एकच. किती उल्का दिसल्या याबरोबर आकाश किती वाईट होते, हेही तितक्याच काटेकोरपणे लिहिलेले असले पाहिजे. ती नोंद नसेल, तर वीस हा निव्वळ आकडा उरतो.

आकाशाची प्रत ठरवण्यासाठी उपकरण लागत नाही. नकाशावर ठरवून दिलेल्या ताऱ्यांच्या त्रिकोणात एकूण किती तारे दिसतात ते मोजले, की कोष्टकावरून प्रत काढता येते. डोळे अंधाराला सरावण्यास अर्धा तास द्यावा, उजेड हवाच असेल तर तांबडा कागद लावलेली बॅटरी वापरावी आणि मोबाइल खिशातच ठेवावा. खाटेवर उताणे पडून पाहणे सर्वांत उत्तम. या बाबतीत हरभऱ्याच्या शेतात रानडुकरांसाठी जागल करणारा शेतकरी शहरी अभ्यासकापेक्षा अधिक सिद्ध असतो. अंधार, जागरण आणि धीर ही तीनही साधने त्याच्यापाशी आहेत. उणीव आहे ती वहीपेन्सिलीची. अशा नोंदी १९८८ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय उल्का संघटना जगभरातून स्वीकारते. मराठी मुलखात पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आणि मुंबईचे खगोल मंडळ १९८५ पासून हौशी आकाशनिरीक्षकांना एकत्र आणत आले आहे.

पांढुर्णा आणि सौंसर या जोडीला आणखी एक संधी आहे. १७९८ साली जर्मनीतील ग्योटिंगेन येथे ब्रांडेस आणि बेंझेनबेर्ग या दोन विद्यार्थ्यांनी काही किलोमीटर अंतरावर बसून एकाच वेळी उल्का पाहिल्या. एकच उल्का दोघांना ताऱ्यांच्या वेगवेगळ्या पार्श्वभूमीवर दिसली आणि त्या फरकावरून त्यांनी तिची उंची काढली. उल्का ढगांपेक्षा किती तरी वर जळतात, हे असे कळले. पांढुर्णा आणि सौंसर यांच्यातील सरळ अंतर तीसेक किलोमीटर आहे. दोन्हीकडे एकेक निरीक्षक, जुळवलेली घड्याळे आणि ताऱ्यांचा नकाशा एवढ्या सामग्रीवर तोच प्रयोग येथे होऊ शकतो.

नोंदीचे मोल या परिसराला दोन घटनांनी दाखवले आहे. २२ मे २०१२ रोजी दुपारी शेजारच्या काटोल परिसरात आकाशातून खरोखर दगड पडले. पृथ्वीच्या पोटात खोलवर विपुल असलेले ब्रिजमनाइट हे खनिज त्या अशनीत आढळल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भ आणि मध्य प्रदेशच्या आकाशातून जळते तुकडे सरकत गेले. अनेकांनी तो उल्कापात मानला. पण चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात धातूचे भलेमोठे कडे सापडले आणि ते अवशेष चिनी अग्निबाणाचे असल्याचे तज्ज्ञांनी सांगितले. उल्का बहुधा क्षणार्धात विझते. अग्निबाणाचे अवशेष संथपणे, बराच वेळ जळत जातात. किती सेकंद, कोणत्या दिशेकडून कोणत्या दिशेकडे, एवढे दोनच तपशील ज्याने लिहून ठेवले, त्याची साक्ष उपयोगी पडते.

ग्रंथालयात या विषयाचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणी विचारील. पांढुर्णा २०२३ साली जिल्ह्याचे ठिकाण झाले. गाव वाढेल, दिवे वाढतील आणि ते वाढावेतही. पण दरवर्षी डिसेंबरात एका वहीत तारीख, वेळ, ठिकाण, आकाशाची प्रत, ढग, चंद्र आणि उल्कांची संख्या मराठीत लिहिली गेली, तर त्या वहीतून उल्कांइतकाच या गावाच्या रात्रीचाही इतिहास साठत जाईल. आज पाचव्या प्रतीचे तारे दिसतात; पन्नास वर्षांनी चौथ्या प्रतीचे दिसले, तर काय गमावले हे मोजून सांगणारा दुसरा पुरावा नसेल. गावातील विवाह, जत्रा आणि निवडणुका यांची नोंद कोणी ना कोणी ठेवतोच. अंधाराची नोंद कोणीही ठेवत नाही.

शंभर वर्षे पुस्तके जपणाऱ्या या संस्थेच्या वाचनकक्षात तशी एक वही ठेवावी आणि तिचे पहिले पान येत्या मिथुन वर्षावाच्या रात्री भरले जावे, एवढीच विनंती या निमित्ताने करावीशी वाटते. त्या रात्री आकाश फारसे चांगले नसले, तरी तेही त्या पानावर लिहावे.