एकटीला ओढता येईल एवढी होडी

(दापोलीत झालेल्या मैत्रिणींच्या मेळाव्यातील भाषण. बोलण्याचा ढंग शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मला विषय दिला होता 'निवृत्तीनंतरचं आयुष्य'. या विषयावर बोलायला उभं राहिलं की सहसा नातवंडं, गुडघे, योगासनं आणि चारधाम एवढं होतं. मी होडीवर बोलणार आहे. सहासष्टाव्या वर्षी मी माझ्या पैशानं एक शिडाची होडी घेतली. लहानशी, अकरा फुटांनाही दोन इंच कमीच. ती घेताना घरात जे झालं ते होडीपेक्षा बरंच मोठं होतं, म्हणून ते तुमच्यापुढे मांडावंसं वाटलं.

मी इथलीच, हर्णैची. वडील शाळामास्तर. समोर समुद्र, त्यात सुवर्णदुर्ग, आणि संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव. लहानपणी भाऊ पाण्यात आणि आम्ही बहिणी त्याचे कपडे सांभाळत वाळूवर. पोहायला कुणी 'नको' म्हटलं होतं असंही नाही; तो प्रश्नच कधी निघाला नाही. मुंबईत नर्सिंग करून 1979 साली मी इंग्लंडला गेले आणि लेस्टरच्या एका रुग्णालयात पस्तीसहून अधिक वर्षं काम केलं. निम्म्या रात्रपाळ्या. दोन मुलं. घरी आल्यावर पोळ्या.

पेन्शनचंही थोडं सांगते, कारण होडीचा पैसा तिथून आला. तिकडे सरकारी पेन्शन बायकांना साठाव्या वर्षी आणि पुरुषांना पासष्टाव्या वर्षी मिळायचं. 1995 च्या कायद्यानं दोघांचं वय सारखं करायचं ठरलं, 2011 च्या कायद्यानं त्याला आणखी गती दिली. 2018 मध्ये बायकांचं वय पासष्टवर आलं आणि 2020 मध्ये सगळ्यांचंच सहासष्ट झालं. याला समानता म्हटलं गेलं. मुलांसाठी सोडलेली वर्षं असमान, अर्धवेळ नोकऱ्या असमान, हाती येणारा पगार असमान. पेन्शनचं वय तेवढं समान! 1950 च्या दशकात जन्मलेल्या बायकांनी यावर मोठं आंदोलन उभारलं. मार्च 2024 मध्ये तिथल्या संसदीय लोकपालानं मान्य केलं की बायकांना वेळेवर नीट कळवलं गेलं नव्हतं, आणि भरपाईची शिफारस केली. डिसेंबरात सरकारनं ती नाकारली. माझा जन्म 1955 चा. साठाव्या वर्षाच्या हिशोबानं आखलेलं सगळं सहा वर्षं पुढे गेलं.

त्या वाट पाहण्याच्या वर्षांतच मी पाण्यात उतरले. आधी पोहायला शिकले, अठ्ठावन्नाव्या वर्षी, नगरपालिकेच्या तलावात, सात-आठ वर्षांच्या पोरांच्या शेजारी. हे मुद्दाम सांगते. होडीचं नाव काढण्याआधी पोहणं यायला हवं आणि तरंगायला मदत करणारं जाकीट अंगात हवं, मग वय काही असो.

लेस्टरपासून तासाभरावर रटलंड वॉटर नावाचा जलाशय आहे. क्षेत्रफळानं इंग्लंडमधला सर्वांत मोठा, बारा चौरस किलोमीटरहून थोडा जास्त. 1970 च्या दशकात धरण बांधून तो केला. तुमच्यापैकी धरणग्रस्तांच्या लढ्यात असलेल्यांना ऐकून नवल वाटणार नाही, की त्याखाली हॅम्बल्टन गावाच्या दोन वाड्या गेल्या. नॉर्मंटनचं चर्च मात्र वाचवलं. आतली जमीन भराव घालून उंच केली आणि बाहेरून बांध घातला, त्यामुळे ते आज पाण्यात अर्धं बुडाल्यासारखं दिसतं. लोक त्याचे फोटो काढतात. वाड्यांचे फोटो काढायला काही उरलेलंच नाही. असो. तिथल्या एका क्लबात बायकांसाठी शिकवणीचा वेगळा दिवस असायचा. वॉर्डातल्या एका मैत्रिणीनं मला ओढत नेलं. वारा शिडात भरला आणि दोर हाताला ताणला गेला, तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते.

पेन्शनबरोबर एकरकमी पैसे आले आणि मी घरात म्हटलं, मला होडी घ्यायची आहे. माझा नवरा इंजिनिअर. मी त्याला अरे-तुरे करते. सासूबाईंना ते शेवटपर्यंत आवडलं नाही. माणूस चांगला आहे. तो आठ दिवसांत माहितीपत्रकांची चळत घेऊन आला. म्हणाला, "अगं, घ्यायचीच तर नीट घेऊ." त्यानं पसंत केलेली होडी बावीस फुटी. आत दोघांना झोपायची जागा, छोटी शेगडी, सिंक. त्यानं कागदावर आकृती काढून दाखवली. मागे सुकाणूपाशी तो. मला म्हणाला, "आणि तू इथे, वारा लागणार नाही. बसल्या बसल्या चहा करता येईल."

मी त्या आकृतीकडे बराच वेळ पाहत राहिले. चाळीस वर्षांचं स्वयंपाकघर त्यानं अगदी प्रेमानं पाण्यावर नेऊन ठेवलं होतं.

भांडण मी चहावरून केलं नाही, हिशोबावरून केलं. अशी होडी धक्क्याला लावायचं भाडं तिच्या लांबीवर ठरतं, मीटरमागे, दर वर्षी. हिवाळ्यात ती क्रेननं बाहेर काढायची, तळाला शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून रंग द्यायचा. ती राहणार दोन तासांवरच्या समुद्रकाठी. म्हणजे नवऱ्याला सवड असेल, नातवंडं सांभाळायची नसतील, आणि हवा चांगली असेल, तेव्हाच ती सुटणार. मुख्य म्हणजे मी एकटी तिला जागची हलवू शकणार नाही. मी विचारलं, "माझ्या पैशानं घेतलेल्या होडीत बसायला मी तुझी परवानगी का काढायची?" तो म्हणाला, "माझा पैसा, तुझा पैसा असं आपल्यात कधी होतं?" खरंच नव्हतं. खातं दोघांचं होतं. पण इतक्या वर्षांत त्यातला मोठा खर्च मी सुचवला आणि मीच ठरवला, असं एकदाही झालेलं नव्हतं. हे माझ्याही तोवर लक्षात आलं नव्हतं. आम्ही जवळजवळ दोन महिने कामापुरतं बोलत होतो.

त्या दोन महिन्यांत मी क्लबातल्या होड्या एकेक करून चालवून पाहिल्या. मला होडी निवडायला एकच कसोटी पुरली: ती उलटली तर मी एकटी सरळ करू शकते का, आणि पाण्यातून वर ओढू शकते का. माझं वजन बावन्न किलो. वेग, देखणेपणा, लोक काय म्हणतील, हे सगळं त्यानंतर.

लेझर नावाची एकट्यानं चालवायची होडी सगळीकडे दिसते. नुसता ढाचा एकोणसाठ किलोंचा, एकच शीड. ती ऑलिंपिकमध्ये 1996 साली आली. त्याच ढाच्यावर लहान शीड लावलेला रेडियल हा प्रकार 2008 पासून बायकांच्या स्पर्धेत आहे. चेन्नईची नेत्रा कुमानन याच प्रकारातून टोकियो ऑलिंपिकला गेली. ऑलिंपिकच्या शिडाच्या शर्यतींत उतरलेली ती पहिली भारतीय स्त्री. होडी तीच, फक्त शीड अंगाच्या वजनाप्रमाणे लहान केलं, एवढ्यानं दार उघडलं. पण लेझरमध्ये पट्ट्यात पाय अडकवून बाहेर लोंबकळावं लागतं, आणि माझे गुडघे पंचविशीतले नाहीत.

मग वेफेअरर. जवळपास सोळा फूट, ऐसपैस, स्थिर. 1963 साली फ्रँक डाय नावाचा माणूस असल्याच उघड्या होडीतून एका सोबत्यासह स्कॉटलंडहून आइसलंडला गेला होता. मलाही ती फार आवडली. दोघी-तिघींनी मिळून घ्यायची असेल तर आजही मी तीच सुचवीन. पण नुसता ढाचा एकशे सत्तर किलोंच्या आसपास. माझ्यासारखी ती उताऱ्यावरून एकटीनं ओढणार कशी? आणि उलटली की पूर्ण पालथी व्हायला बघते.

तिसरी ड्रॅसकोम लगर. तांबूस शिडांची, जुन्या मचव्यासारखी रुबाबदार. मोठ्या शिडाला खालून आडवा दांडा नाही, त्यामुळे वळताना डोक्यावर टोला बसायची भीती नाही. निवृत्त लोकांची लाडकी. पण साडेतीनशे किलोंच्या घरात, आणि किंमत माझ्या आवाक्याबाहेर.

शेवटी मिरर घेतली. तिची गोष्ट मला फार आवडते. 1962 च्या सुमारास 'डेली मिरर' या वर्तमानपत्राच्या पाठिंब्यानं ती तयार झाली. जॅक होल्ट हा होड्यांचा रचनाकार आणि बॅरी बकनेल हा टीव्हीवर घरदुरुस्ती शिकवणारा गृहस्थ, या दोघांचं ते काम. कामगाराला, मास्तरला घरच्या घरी बांधता यावी हा हेतू. प्लायवूडचे तुकडे कापलेले मिळायचे, कडेला भोकं पाडून ते तांब्याच्या तारेनं चक्क शिवायचे, मग सांध्यांवर काचतंतूची पट्टी आणि राळ. शिवणकाम येणाऱ्या बाईला नवं असं त्यात काही नाही. अशा सत्तर हजार होड्या झाल्या. ढाचा पंचेचाळीस किलो, शिडं लाल, पुढून चपटी, टोक नाही. डोलकाठी आखूड आणि तिच्यावर सरकणारा दुसरा दांडा, त्यामुळे सगळं सामान होडीच्या पोटात मावतं आणि होडी मोटारीच्या टपावर. वारा पडला तर वल्ही मारून परत येता येतं.

जुनी मिरर मला साडेचारशे पौंडांत मिळाली. बघायला एकटी गेले. विकणारा सारखा विचारत होता, "तुमचे पती येणार आहेत का?" मी म्हटलं, नाही. सुजलेल्या पायावर बोट दाबून पाहतो तसं सगळं लाकूड मी दाबून पाहिलं. कुठे मऊ लागत नव्हतं. सांधे पाहिले, दोर पाहिले. हवेचे बंदिस्त कप्पे मात्र तपासले नाहीत. ते घट्ट आहेत असं तो म्हणाला आणि मी विश्वास ठेवला. बुचं लावून, हलकी हवा भरून, सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं. गळत असेल तिथे बुडबुडे येतात. दहा मिनिटांचं काम. तुमच्यातली कुणी कधी जुनी होडी घेणार असेल तर तिनं हे केल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

कारण दुसऱ्याच आठवड्यात मी उलटले. तिथलं पाणी मे महिन्यातही असं गार, की पहिला मिनिटभर श्वास हाती लागत नाही. त्या मिनिटात काही करायचं नसतं, होडी धरून नुसतं तरंगायचं. मग मी वळसा घालून तळाच्या बाजूला गेले, खाली सरकवलेल्या फळीवर पाय दिला, शिकवलं होतं तसं मागे रेलले. होडी उठेना. एका कप्प्यात पाणी भरलं होतं. शेवटी सुरक्षा पथकाची मोटरबोट आली. काठावर नवरा उभा होता. तो येणार आहे हे मला माहीतच नव्हतं. तो काही बोलला नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर सगळी बावीस फुटी होडी लिहिलेली होती.

त्या रात्री मी ती विकायचं ठरवलं होतं, हे कबूल करते. रागानं नाही, लाजेनं. विकली मात्र नाही. हिवाळाभर गॅरेजमध्ये सांधा खरवडून नवी पट्टी बसवली. नवरा दिवा धरायचा आणि सूचना द्यायचा. दिवा ठेवून घेतला, सूचना थोड्या कमी करायला सांगितल्या. पुढच्या मे महिन्यात काठाजवळ मी मुद्दाम होडी उलटवली आणि एकटीनं सरळ केली. तीन वेळा.

जीन सॉक्रेटिस या बाईंबद्दल तुम्ही ऐकलं असेल. गणिताच्या निवृत्त शिक्षिका. नवऱ्याबरोबर होडीचा संसार थाटला आणि 2003 साली तो कॅन्सरनं गेला. त्या एकट्या पुढे गेल्या. 2008 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा संपत आलेली असताना होडी मेक्सिकोच्या किनाऱ्यावर आपटून फुटली. त्यांनी दुसरी होडी बांधून घेतली. 2019 मध्ये, सत्त्याहत्तराव्या वर्षी, कुठेही न थांबता एकटीनं जगाची फेरी पुरी केली. आपल्याकडे लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि नौदलातल्या त्यांच्या पाच सहकारी 2017-18 मध्ये 'तारिणी'तून गोव्याहून निघून गोव्याला परतल्या. तारिणी गोव्यातच बांधलेली. अशा बायकांचं कौतुक करून आपण मोकळ्या होतो. मला मात्र त्यांच्याविषयी वाचताना नेहमी वाटतं, की दोर कुणाला किती जड लागला, हे कुणीतरी विचारायला हवं.

आता तुमच्या मनातलं मीच बोलते. हे पौंडात पेन्शन मिळणाऱ्या बाईचे चोचले नाहीत का? थोडेफार आहेत. काल मी हर्णैच्या लिलावाला गेले होते. माझ्या वर्गातली एक मैत्रीण तिथे आजही मासळी घेते-विकते. तिला होडीचा फोटो दाखवला. तिनं किंमत विचारली नाही, कशाला घेतलीस असंही विचारलं नाही. म्हणाली, "कोणाच्या नावावर हाय?" माझ्या, म्हटलं. ती फोटो परत देईना. तिच्या घरात तीन पिढ्या होड्या आहेत. मासळी विकून, दागिने गहाण ठेवून त्यांचे हप्ते तिनं फेडले, आणि कागदावर आधी नवरा, आता मुलगा. ती कधी त्यांत बसून गेलेली नाही. मी तिला विचारलं, पोहता येतं का? ती हसली, तिलाही येत नव्हतं.

मला वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे. फोटो त्या टेबलावर ठेवलेत, आणि कप्पे कसे तपासायचे त्याची आकृती मी फळ्यावर काढून दाखवते. ज्यांना पोहायला शिकायचं आहे त्यांनी नावं आजच लिहून द्या. मी मार्चअखेरपर्यंत इथे आहे.