पर्च, तंगूस आणि लेक



वर्गातले मुलगे खाडीवर गरवायला जायचे, आम्हा मुलींना कुणी न्यायचं नाही. ते आता नेदरलँड्समध्ये, उट्रेक्टच्या कालव्यावर वसूल करतेय. रीतसर 'व्हिसपास' काढून!

पर्च म्हणजे हिरवट अंगावर काळे पट्टे, पोटाकडचे पर लाल, पाठीवर काटे. आमिष कोळंबीचं नाही, रबराचा बोटाएवढा नकली मासा. तो तळाला टेकवायचा, जरासा उचलायचा, थांबायचं. पाणी गार झालं की पर्च सुस्तावतो, पुलाखाली नाहीतर बांधलेल्या होड्यांखाली खोल बसतो. मग थांबणं आणखी वाढवायचं. नोव्हेंबरातल्या त्या रविवारी तीन तासांत तंगुसाला दोनदा टकटक झाली, बस्स.

सोबत सोळा वर्षांची लेक. घरी तिचं उत्तर 'हं' एवढंच. पाण्याकडे बघतच म्हणाली, "आई, मला इंजिनिअरिंग नाही करायचं."

मी रीळ फिरवत राहिले. "मग काय?"

"माहीत नाही अजून."

"बरं. त्या होडीजवळ टाक."

तिथेच तिला लागला, वीतभर. ओल्या हातानं काटे दाबून तिनं गरी सोडवली आणि मासा परत पाण्यात सोडला. माझ्या आईला हे फोनवर सांगितलं. इंजिनिअरिंगचं तिनं ऐकून घेतलं. मासा सोडला म्हटल्यावर मात्र फोन बाबांकडे दिला.