राखेचा रस्ता



आज मी राखेबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, राखेचे काय बोलायचे? भांडी घासावीत आणि उरलेली उकिरड्यावर टाकावी. पण ऐका तर खरे.

आमच्या बदलापूरकडे पाऊस फार. डांबराच्या रस्त्याला दरवर्षी खड्डे पडतात. म्हणून आमच्या आळीत सिमेंटचा रस्ता झाला. काम भर उन्हाळ्यात झाले. दोन दिवस पाणी मारले. तिसऱ्या दिवशी टँकर आला नाही. कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही. पहिल्याच पावसात वरचा थर सुटला. खडी उघडी पडली. शेजारच्या म्हातारीला उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात न्यायचे होते. रिक्षावाला आळीत यायला तयार होईना. आम्ही तिला खुर्चीवर बसवून नाक्यापर्यंत उचलून नेले.

लोक म्हणाले, "सिमेंटमध्ये राख घातली, म्हणून रस्ता गेला!"

मला ते खरे वाटले. मग एका जाणत्या गवंड्याला विचारले. तो हसला. म्हणाला, "दादा, दोष राखेचा नाही. पाणी मारले नाही, त्याचा आहे."

त्याने जे सांगितले, तेच तुम्हाला सांगतो.

ही राख चुलीतली नव्हे. चुलीतली राख काँक्रीटला चालत नाही. ही दगडी कोळशाची राख. कल्याणजवळ ठाकुर्लीला रेल्वेचे वीजघर होते. ते १९२९ साली सुरू झाले. तिथे कोळसा जाळून वीज करीत. ते आता बंद आहे. पण विदर्भात कोराडी, चंद्रपूर इथे मोठी वीजघरे चालू आहेत. आपल्या देशातला शंभर किलो कोळसा जाळला, की साधारण तीस ते चाळीस किलो राख उरते. एवढी राख ठेवायची कुठे? तिची तळी करतात. २०२२ सालच्या पावसाळ्यात कोराडीच्या राखेच्या तळ्याचा बांध खसाळा गावाजवळ फुटला. राख शेतात आणि नदीत गेली. टाकून दिलेली राख अशी घात करते.

तीच राख सिमेंटात घातली तर? आपले वाडवडील चुन्यात सुरखी घालीत. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी. तिने चुना पक्का होई. इथेही तसेच होते. सिमेंटला पाणी मिळाले, की त्यातून थोडा चुना मोकळा सुटतो. राख त्या चुन्याला धरते. दोन्ही मिळून दगडासारखी होतात. बारीक छिद्रे बुजतात. पाणी आत कमी मुरते. शिवाय सिमेंट कमी लागते. सिमेंट करायला चुनखडी सुमारे १४५० अंशांवर भाजावी लागते. तेवढे जळण वाचते.

मात्र राखेचे काम सावकाश चालते. घाई केली की फसलेच. राखेचे सिमेंट असेल, तर उन्हाळ्यात रस्ता निदान १४ दिवस ओला ठेवावा. वर गोणपाट पसरावे, नाहीतर वाळूचे आळे करून पाणी साठवावे.

आता तुम्ही वाचायला शिकलात. त्याचा उपयोग करा. सिमेंटच्या गोणीवर 'पीपीसी' अशी तीन इंग्रजी अक्षरे असली, तर त्यात राख आधीच घातलेली असते, असे समजा. शंभर भागांत १५ ते ३५ भाग राख असते. त्यात आणखी राख कोणी आपल्या मनाने मिसळू लागला, तर थांबवा. गोणीवर ती केव्हा भरली तेही छापलेले असते. तीन महिन्यांहून जुनी गोणी असेल, तर तपासणी केल्याशिवाय वापरू देऊ नका. काँक्रीट पातळ करायला वरून पाणी ओतले, तर विचारा, "एवढे पाणी कशाला?"

गावात सिमेंटचा रस्ता होणार असेल, तर चार घरांनी मिळून पाळी लावा. आज तुमची, उद्या माझी. रोज पाणी मारले की नाही, ते पाटीवर तारीख घालून लिहा. चौदा खुणा झाल्या, की मगच पाटी पुसा.

आम्ही पाटी ठेवली नाही. म्हातारीला खुर्चीवर उचलावे लागले. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून हे सांगितले. रामराम.