खंजिरी घेतलेला कवी
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



यंदा मंडळाने आम्हाला एखाद्या गायकाच्या वाटचालीवर बोलायला सांगितले. घरच्या मुलांना विचारले, तर त्यांनी इंग्रज गायकांची नावे सांगितली. स्वतःच गीत लिहायचे, स्वतःच चाल बांधायची आणि गिटार घेऊन स्वतःच गायचे, असे ते गायक. ती मंडळीही ऐकण्यासारखी आहेत. १९६७ साली लंडनमध्ये फेअरपोर्ट कन्व्हेन्शन नावाचा वाद्यवृंद निघाला. रिचर्ड थॉम्पसन हा विशीच्या आतला पोरगा त्यात गिटार वाजवी. त्यांनी खेड्यांतली जुनी कथागीते विजेच्या गिटारीवर आणली. थॉम्पसन पुढे आयुष्यभर आपली गाणी आपणच लिहीत आणि गात राहिला. तिकडे याला फोक-रॉक म्हणतात.

आपल्या मुलखात त्याच्या तीसेक वर्षे आधीपासून एक माणूस हेच करत होता. त्याच्या हातात खंजिरी होती, एवढाच फरक.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना आपण संत म्हणून हात जोडतो, त्यांच्या फोटोला हार घालतो. आज आम्ही त्यांच्याकडे गायक आणि गीतकार म्हणून पाहणार आहोत. भाविकांनी रागावू नये. फोटोला हार घालणे सोपे असते, गाणे नीट ऐकायला मात्र वेळ काढावा लागतो.

३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावली गावी त्यांचा जन्म झाला. नाव माणिक, वडिलांचे नाव बंडोजी, आईचे मंजुळा. घरची गरिबी. शाळा तिसरी-चौथीच्या पुढे गेली नाही. वरखेडच्या आडकोजी महाराजांच्या पायाशी मुलगा भजनात रमला, आणि 'तुकड्या' हे नाव त्याला तिथेच मिळाले. पुढे प्रत्येक भजनाच्या शेवटी त्यांनी हेच नाव घातले. दुसऱ्या कोणी स्वतःसाठी एखादे भारदस्त नाव निवडले असते. यांनी भाकरीचा तुकडा निवडला. मग घर सोडून रामदेगी, चिमूरच्या जंगलांत काही वर्षे गेली आणि हा तरुण गावोगाव भजने गाऊ लागला.

आता खंजिरीकडे येऊ. आम्ही उपयंत्री, डिप्लोमावाले. संगीताचे शास्त्र आम्हाला येत नाही, पण एखादी वस्तू कशी बनवली आहे हे पाहण्याची खोड आहे. लाकडाचे एक कडे, त्याच्या एका बाजूला ताणून बसवलेले कातडे आणि कड्याच्या खाचांत पितळी चकत्या. एवढेच. कातड्यावर थाप पडली की ताल मिळतो, आणि त्याच झटक्यात चकत्या वाजून झांजेची सोयही होते. एका हातात धरून दुसऱ्या हाताने वाजवता येते, पिशवीत मावते, सुरात लावत बसावे लागत नाही, आणि तोंड गाण्यासाठी मोकळे राहते. ज्याला आज एका गावात आणि उद्या दुसऱ्या गावात उभे राहून हजारो लोकांपुढे गायचे आहे, त्याच्यासाठी यापेक्षा योग्य वाद्य आम्हाला तरी सुचत नाही. वीणा किंवा पेटी घेतली असती तर भजन बैठकीतच राहिले असते.

दुसरी गोष्ट चालींची. त्यांच्या भजनांचे जुने पुस्तक कोणाच्या घरी असेल तर उघडून पाहा. कितीतरी भजनांच्या डोक्यावर 'तर्ज' असे छापून पुढे एखाद्या ओळखीच्या गाण्याचे नाव दिलेले असते. म्हणजे ही चाल तुम्हाला येतेच आहे, शब्द तेवढे नवे आहेत, म्हणायला लागा! शास्त्रीय गाणे शिकलेली मंडळी याला उसनवारी म्हणतील. आमच्या मते यात मोठा हिशेब होता. गवई निघून गेल्यावरही गाणे गावात राहायला हवे असेल, तर चाल गावाला आधीच येत असली पाहिजे. धृपद आखूड, शब्द रोजचे, मागे म्हणणाऱ्यांना एका फेरीत पाठ होणारे. आपला गळा ऐकवण्यापेक्षा ऐकणाऱ्याचा गळा उघडण्यावर या गायकाची नजर होती.

१९३५ साली सालबर्डीच्या डोंगरात त्यांनी मोठा यज्ञ केला. सालबर्डी म्हणजे अमरावती आणि बैतूलच्या सीमेवरचे ठिकाण, पांढुर्ण्याच्या लोकांना ते परके नाही. तिथे लोटलेल्या गर्दीने हे नाव सगळीकडे गेले. त्याच वर्षी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. १९३६ मध्ये गांधीजींनी त्यांना सेवाग्रामला ठेवून घेतले.

मग आले १९४२. ऑगस्टमध्ये चिमूर, आष्टी आणि यावलीत उठाव झाला. चिमुरात त्याआधी महाराजांची भजने झाली होती. दगडांचेच बॉम्ब होतील अशा अर्थाचे त्यांचे हिंदी भजन त्या काळात लोकांच्या तोंडी होते. सरकारने गाणाऱ्याला ऑगस्टअखेर चंद्रपुरात पकडले आणि नागपूर, रायपूरच्या तुरुंगांत ठेवले. डिसेंबरात सुटका झाली. त्यांच्याकडे ना बंदूक होती ना फौज. चौथीच्या आत शाळा सुटलेल्या माणसाच्या गाण्याची सरकारला भीती वाटली, हे आम्हाला विशेष वाटते.

आता आपल्या जिव्हाळ्याचा मुद्दा. महाराज मराठीत लिहीत आणि हिंदीतही. 'लहर की बरखा' हा त्यांचा हिंदी भजनांचा संग्रह. ती हिंदी व्याकरणाच्या मास्तरांना दाखवली तर लाल शाई बरीच लागेल. तिच्यात वऱ्हाडी मिसळलेली आहे, साधूंची बोली आहे, बाजारातली हिंदी आहे. म्हणजे सौसरच्या बाजारात आपण बोलतो तशी! १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूर होती. त्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला आणि आपले कागद भोपाळला जाऊ लागले. सोयरीक तिकडे, कचेरी इकडे. आमच्या घरात आजी मराठीत ओवी म्हणायची आणि आम्ही शाळेत हिंदीत कविता पाठ करायचो. या दोन्ही भाषांत ज्याची गाणी आहेत आणि दोन्हीकडे ज्याला आपले म्हणतात, असा गायक आपल्याला आयता मिळाला. सीमा आखणाऱ्यांनी भजने वाटून घेतली नाहीत. श्रीगुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना कन्हानच्या काठीही तशीच होते, जशी वर्धेच्या काठी.

१९५५ साली ते जपानला विश्वधर्म परिषदेसाठी गेले, तेव्हा खंजिरी सोबत होती. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्यांना राष्ट्रसंत म्हटले. 'ग्रामगीता' त्याच सुमाराची, एकेचाळीस अध्यायांची. खरे सांगायचे तर काव्य म्हणून ती आम्हाला सगळीकडे सारखी वाटत नाही. काही अध्याय ग्रामपंचायतीच्या सूचनाफलकासारखे वाचले जातात. पण सरपंच, शेतकरी, मजूर हे ओवीचे विषय होऊ शकतात, हे त्यांनी करून दाखवले. शासकीय नोकरीत गावोगाव फिरताना संडास, रस्ता, पाणी हे त्यातले विषय अजून शिल्लक दिसतात. भजनकार म्हणून मात्र ते आम्हाला फार वरचे वाटतात. झोपडीचे ते भजन घ्या. राजमहालापेक्षा आपली झोपडी बरी, हे इतक्या कमी शब्दांत सांगून लाखोंच्या तोंडी बसवणे चांगल्या चांगल्या कवींना जमलेले नाही.

११ ऑक्टोबर १९६८ रोजी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी ते गुरुकुंजात गेले. त्या घटकेला आजही तिथे जमलेला अफाट समुदाय मौन पाळून उभा राहतो. २००५ साली नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. आपली जी मुले तिकडे शिकतात ती त्याला 'आरटीएमएनयू' म्हणतात. त्या 'टी'चा अर्थ विचारा, चारातली दोन अडखळतील.

खंजिरीची परंपरा सरलेली नाही. सत्यपाल महाराज एकावेळी सात खंजिऱ्या वाजवून कीर्तन करतात. भजनस्पर्धाही होतात. पण अलीकडे स्पर्धेत कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड इतके चढतात की शब्द ऐकू येत नाहीत. ज्या गाण्यात शब्दच मुख्य, त्याची ही तऱ्हा! आणि गावातल्या मंडळात धृपद उचलणारे बहुतेक साठीपुढचे आहेत. मुलांना मराठी वाचताना अडते, म्हणून ती मागे बसतात. त्यांच्यासाठी महाराजांची हिंदी भजने आहेतच की. तिथून सुरुवात करा, मराठी मागाहून येईल.

म्हणून कार्यकारिणीपुढे एक साधा प्रस्ताव ठेवतो. विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी आरतीनंतर एक तास डीजे बंद, माईकही बंद. आमच्या घरी दोन खंजिऱ्या आहेत. पावसाळी हवेने कातडे सैल पडते, वाजवण्याआधी ते निखाऱ्यावर शेकावे लागते. निखाऱ्याची शेगडी कोणी आणत असेल तर आताच नाव सांगा. आणि ज्यांना धृपद येते त्यांनी त्या दिवशी पुढे बसावे, मुलांच्या रांगेत.