एका कादंबरीने भागत नाही

(सार्वजनिक वाचनालयाच्या वार्षिक समारंभातील व्याख्यान)

वाचनालयात ऐतिहासिक कादंबरीसाठी नंबर लागतो. आठवणींचे पुस्तक मात्र कपाटात धूळ खात पडते. कादंबरी अवश्य वाचावी. नुसत्या सनावळीला जे साधत नाही ते ती साधते : भूतकाळ जिवंत माणसांनी भरून टाकते. परंतु तिच्यावरच इतिहासाची भूक भागविणारा नागरिक व्यक्तिपूजेला सहज बळी पडतो. राज्य कोणी केले हे त्याला पाठ असते. त्याची किंमत कोणी मोजली, हे विचारण्याची सवय त्याला लागत नाही.

झाशीचेच उदाहरण पाहण्यासारखे आहे. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी राणी लक्ष्मीबाईंचे चरित्र १८९४ साली प्रसिद्ध केले. परिस्थितीने राणीला नाइलाजाने लढ्यात ओढले, असा त्यांचा सूर होता. वृंदावनलाल वर्मा यांना तो मानवला नाही. राणी स्वराज्यासाठीच लढली, असे ठासून सांगणारी त्यांची हिंदी कादंबरी १९४६ साली आली. वर्मा झाशी जिल्ह्यातले. आपले पणजोबा राणीच्या बाजूने लढताना पडले, ही कथा त्यांनी घरातच ऐकलेली. शिवाय चरित्र लिहिले गेले ते साम्राज्याच्या भरभराटीच्या काळात, तर कादंबरी स्वातंत्र्य दाराशी आले असताना. लेखकाचे चरित्र वाचावयाचे ते निव्वळ कुतूहल म्हणून नव्हे; सांगणारा कोठे उभा राहून सांगतो आहे, हे त्यातून कळते म्हणून.

या घटनेला प्रत्यक्ष साक्षीदारही लाभला. कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे घरचे कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवावी म्हणून १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि उठावाच्या वावटळीत सापडले. १८५८ च्या वेढ्यात ते झाशीत होते. ‘माझा प्रवास’मध्ये राणी आहे, तशीच शहराची लूटही आहे : आधी सोनेनाणे गेले, मग तांब्यापितळेची भांडी, अखेरीस धान्यसुद्धा. युद्धाचा हा जमाखर्च वीरकथेत सहसा मांडला जात नाही.

मात्र या साक्षीचीही उलटतपासणी हवी. गोडसे यांनी ती १८८३ साली, पाव शतक उलटल्यावर, स्मरणातून लिहिली. चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली ती फेरफार करून छापली. मूळ हस्तलिखितावरील आवृत्ती दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली दिली. शिवाय पाहणारा डोळा भिक्षुकाचा. कोरी समाजातील झलकारीबाई लोकांच्या आठवणीत राहिली. तिला वर्मांच्या कादंबरीने जागा दिली. महाश्वेता देवी तर १९५६ च्या आपल्या बंगाली चरित्रासाठी बुंदेलखंडात हिंडल्या, लोकांच्या तोंडची गीते आणि आख्यायिका त्यांनी गोळा केल्या. पुढे बिरसा मुंडांवर ‘अरण्येर अधिकार’ लिहिणाऱ्या लेखिकेला लोकांकडून इतिहास ऐकण्याची सवय येथेच लागली असावी.

तात्पर्य, कादंबरीतील उणीव चरित्र दाखविते, चरित्राची आठवण, आणि आठवणीची पुन्हा एखादी कादंबरी. म्हणून कादंबरी मागणाऱ्याच्या हाती ग्रंथपालाने आठवणींचे पुस्तकही ठेवावे. एका पुस्तकावर विसंबणाऱ्या वाचकाला पुढे एकच नेता पुरेसा वाटू लागतो. लोकशाहीला असा वाचक परवडणारा नाही.