कोरड्या आभाळाखालचा महापूर

(कोल्हापूर येथे कार्यकर्ते व नागरिक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



कोल्हापूरकरांसमोर पावसावर बोलणे म्हणजे नृसिंहवाडीकरांना बासुंदीची चव समजावून सांगण्यासारखे आहे. या जिल्ह्यातील शेतकऱ्याला पाऊस नावानिशी ठाऊक असतो. वळीव वेगळा, मृगाचा वेगळा. पुनर्वसूचा तो ‘तरणा’ आणि पुष्याचा तो ‘म्हातारा’. तरण्याने धुमाकूळ घालावा आणि म्हाताऱ्याने संथपणे रिपरिपत राहावे, अशी अपेक्षा या नावांतच दडलेली आहे. परंतु गेल्या काही वर्षांत हा म्हातारा आपले वय विसरला आहे. २००५ आणि २०२१ या दोन्ही वर्षांचे महापूर जुलैच्या अखेरच्या आठवड्यातले, म्हणजे पुष्यातले. २०१९चा महापूर ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातला, आश्लेषेतला. पाऊस तोच, नक्षत्रे तीच. पण त्यांचा स्वभाव पालटला आहे आणि समाजाचे अंदाज मात्र जुनेच राहिले आहेत.

या स्वभावाचा विचार करताना आधी आपल्या भूमीची रचना ध्यानी घ्यावी लागते. सह्याद्रीच्या माथ्यावरील गगनबावड्यात वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या पुढेमागे पाऊस पडतो. तेथून पूर्वेकडे जेमतेम शंभर किलोमीटरवर असलेल्या शिरोळ तालुक्यात तो पाचशेच्या आसपास येतो. एकाच जिल्ह्यात दहापट अंतर! कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून पंचगंगा होते, ती प्रयाग चिखलीच्या संगमापासून. तेथून पुढे तिला उतार असा फारसा नाहीच. वळणे घेत, रेंगाळत ती नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णा स्वतःच तुडुंब असली की पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही. ते मागे तुंबते आणि शेतांत, वस्त्यांत पसरते.

आता शिरोळकरांचे दुःख पाहा. त्यांच्या आकाशात कित्येकदा ढगही नसतात. ऊन पडलेले असते, अंगण वाळलेले असते. आणि दुपारी त्याच अंगणात पाणी येते. २२ व २३ जुलै २०२१ या चोवीस तासांत महाबळेश्वरला जवळजवळ सहाशे मिलिमीटर पाऊस झाला. शिरोळमध्ये वर्षभरातही न पडणारा पाऊस महाबळेश्वरने एका दिवसात अंगावर घेतला. कृष्णा आणि कोयना या दोघींचा उगम तेथलाच. धरणे काही काळ पाणी धरतात, पण ते शेवटी खालीच यायचे असते. म्हणजे ज्याच्या घरात पूर शिरतो, त्याच्या घरावर तो पाऊस पडलेलाच नसतो. कुरुंदवाडच्या माणसाने केवळ आपल्या डोक्यावरचे आभाळ पाहून निर्णय घेतला तर तो फसणार, हे ठरलेलेच आहे.

ही फसगत केवळ आपल्याच वाट्याला आली आहे असे नव्हे. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी स्पेनमधील व्हॅलेन्सिया प्रांतात नेमके हेच घडले. डोंगराळ भागात काही तासांत वर्षभराचा पाऊस कोसळला. खाली मैदानात असलेल्या पायपोर्ता गावात त्या दिवशी म्हणण्यासारखा पाऊसच नव्हता. लोक दुकानांत होते, कामावरून परतत होते. एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्यातून लोंढा आला आणि त्याने गाव गिळले. नागरिकांच्या भ्रमणध्वनीवर सरकारी इशारा वाजला तो रात्री आठ वाजून गेल्यावर. तोवर अनेक घरांत पाणी छातीपर्यंत चढले होते. त्या आपत्तीत सव्वादोनशेच्या आसपास माणसे दगावली. सुबत्ता होती, उपग्रह होते, हवामान खात्याने सकाळीच धोक्याची सर्वोच्च सूचनाही दिलेली होती. ती सूचना घरोघर वेळेवर पोहोचली नाही, एवढेच काय ते उणे राहिले.

२०२१च्या त्या एकाच उन्हाळ्या-पावसाळ्यात जगाने काय काय पाहिले! जूनच्या अखेरीस कॅनडातील लिटन या खेड्यात पारा ४९.६ अंशांवर गेला आणि दुसऱ्याच दिवशी ते खेडे आगीत बेचिराख झाले. जुलैच्या मध्यावर जर्मनीतील आर नदीच्या खोऱ्यात एका रात्रीत पूर आला. जर्मनीत मिळून १८०हून अधिक बळी गेले. २० जुलैला चीनमधील झेंगझोऊ शहरात एका तासात दोनशे मिलिमीटर पाऊस होऊन भुयारी रेल्वेत प्रवासी अडकले. त्याच आठवड्यात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५६ फुटांच्या घरात पोहोचली होती. तेथे इशारापातळी ३९ आणि धोकापातळी ४३ फूट आहे, हे येथे कोणालाही सांगावे लागत नाही.

जगाची हवा तापली आहे यात आता शंका उरलेली नाही. हवेचे तापमान एका अंशाने वाढले की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, हे भौतिकशास्त्र आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. हे तापमान वाढवण्यात दीडशे वर्षे कोळसा जाळणाऱ्या राष्ट्रांचा वाटा मोठा आहे आणि भारताने जागतिक व्यासपीठावर ते ठणकावून सांगितलेच पाहिजे. मात्र ‘हवामान बदल’ हा शब्द उच्चारला की आपल्या अंगणातील जबाबदारी संपते, अशी एक सोयीस्कर समजूत अलीकडे बळावली आहे. निळ्या पूररेषेच्या आत भराव कोणी टाकला? जयंती नाल्याचा गळा कोणी आवळला? २०१९नंतर नेमलेल्या वडनेरे समितीने अतिवृष्टीबरोबरच पूरक्षेत्रातील अतिक्रमणांवरही बोट ठेवले. ती अतिक्रमणे करायला बाहेरून कोणी आले नव्हते.

पाऊस स्थानिक असतो, तेव्हा त्याची मोजणीही स्थानिक हवी, हे भारतीय मनीषेला नवे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापाशी पर्जन्यमापनाचे पात्र ठेवण्यास सांगितले आहे आणि प्रदेशपरत्वे पावसाचे मानही दिले आहे. जांगल प्रदेशासाठी १६ द्रोण, अवंतीसाठी २३ द्रोण. आणि अपरान्त, म्हणजे आपले कोकण, तेथील पाऊस मात्र अपार. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत तर पर्जन्याला स्वतंत्र अध्याय वाहिले आहेत. या ग्रंथांचा अभिमान जरूर बाळगावा. पण ज्या गावात हा अभिमान मिरवला जातो, त्या गावच्या शाळेच्या छतावर साधे पर्जन्यमापक नसावे, हे त्या पूर्वजांना आवडले असते काय?

स्मृतीचेही तसेच आहे. २०१९ साली शाहूपुरीत, दुधाळीत, कुंभार गल्लीत अनेक घरांनी सामान हलवले ते २००५च्या खुणेपर्यंत. ‘त्या वर्षी पाणी इथवर आले होते,’ एवढा हिशेब पुरेसा वाटला. २००५ साली राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४९ फुटांच्या पुढे गेले होते. २०१९मध्ये ते ५५ फुटांच्याही पुढे गेले. त्या सहा फुटांत माळ्यावर ठेवलेले धान्य गेले, कागदपत्रे गेली आणि चतुर्थीला महिनाही उरला नसताना कुंभारांच्या रंगवून ठेवलेल्या गणेशमूर्ती विरघळल्या. आर खोऱ्यात याच्या उलट झाले. तेथे १८०४ आणि १९१० साली असेच भयंकर पूर आले होते, पण धोक्याचे नकाशे काढताना ते जुने पूर जमेसच धरले गेले नव्हते. एका ठिकाणी जवळची आठवण नडली, दुसरीकडे दूरचे विस्मरण. २०१९ने मात्र कोल्हापूरला शिकवले. २०२१मध्ये पाणी त्याहून वर चढले, पण माणसे आधीच बाहेर पडू लागली होती.

पुराला कसे सामोरे जावे याचा उत्तम पाठ याच जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या गिरवला जात आहे. नृसिंहवाडीला कृष्णेचे पाणी उत्तरद्वाराने दत्तपादुकांवर येते आणि दक्षिणद्वाराने बाहेर पडते. भाविक त्या दक्षिणद्वारी स्नान करतात. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात नेली जाते आणि नित्यपूजा तेथे चालू राहते. मूर्ती केव्हा हलवायची, कोठे न्यायची, हे आधीच ठरलेले आहे. त्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आदेशाची वाट पाहिली जात नाही. देवासाठी जी व्यवस्था आहे, ती अंथरुणाला खिळलेल्या आजीसाठी आपल्या गल्लीत आहे काय?

येथे आत्मपरीक्षणाचा मुद्दा येतो आणि तो कार्यकर्त्यांसमोर स्पष्टपणे मांडला पाहिजे. २०१९च्या पुरात नौदल, लष्कर, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल यांच्या जवानांनी जिवावर उदार होऊन काम केले. पूरग्रस्त भगिनींनी त्यांच्या मनगटावर राख्या बांधल्या. तालमी आणि तरुण मंडळे पाण्यात उतरली. संघाच्या जनकल्याण समितीचे कार्यकर्ते शिधा घेऊन वाड्यावस्त्यांवर पोहोचले, गाळाने भरलेली घरे धुतली. हे सारे अभिमानास्पदच आहे. परंतु ही सेवा पाणी घरात शिरल्यानंतरची होती. त्याच ऑगस्टमध्ये पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून बाहेर पडणाऱ्यांची बोट उलटली आणि कित्येकांचे प्राण गेले, त्यांत स्त्रिया होत्या, लेकरे होती. ते लोक दोन दिवस आधी कोरड्या वाटेने बाहेर पडले असते तर? हा प्रश्न त्यांना विचारायचा नाही. तो संघटित म्हणवणाऱ्या समाजाने स्वतःला विचारायचा आहे.

आणि लोक का निघत नाहीत, हेही समजून घेतले पाहिजे. १९८९च्या पुरानंतर चिखली आणि आंबेवाडीच्या पुनर्वसनासाठी सोनतळीची जागा देण्यात आली. तरीही पुष्कळ कुटुंबे जुन्या गावातच राहिली. शेत येथे, गोठा येथे, कुलदैवत येथे. दावणीला म्हैस असताना शेतकरी बोटीत पाय ठेवत नाही. त्याला हट्टी म्हणणे सोपे आहे. जनावरांची सोय आधी लावली तर माणसे आपोआप निघतात, हे प्रशासनापेक्षा गावातील स्वयंसेवकाला अधिक नेमके कळू शकते.

म्हणून या बैठकीतून उठताना एक काम सोबत न्यावे. प्रत्येकाने आपापल्या गल्लीपुरती एक वही करावी. २०१९ आणि २०२१चे पाणी कोठवर आले होते, त्याच्या खुणा ठळक रंगाने भिंतींवर काढून घ्याव्यात आणि सामान त्यांच्याही वर ठेवायचे हे घरोघर सांगावे. एकटी राहणारी वृद्ध माणसे, गरोदर सुना, डायलिसिसवरचे रुग्ण यांची नोंद वहीत हवी. कोणती जनावरे कोणाच्या माळावर जातील हे त्या माळाच्या मालकाशी उन्हाळ्यातच बोलून ठेवावे. बालिंगा आणि शिंगणापूरची उपसा केंद्रे २०१९मध्ये बुडाली आणि चहूकडे पाणी असताना शहर पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहत बसले. तेव्हा कोणाच्या विहिरीचे पाणी पिण्याजोगे आहे, तेही लिहावे. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याचे वृत्त रात्री दोन वाजता येते. तेव्हा गल्लीतले पहिले दार कोणी ठोठवायचे, त्याचे नाव वहीच्या पहिल्या पानावर असावे. मृग लागण्यापूर्वी ही वही पुरी व्हावी.