गाडी सर्वांची



आज आपण एस.टी.विषयी बोलू. १ जून १९४८ रोजी पहिली एस.टी. पुण्याहून नगरला गेली. तेव्हापासून खेड्यातला माणूस तिच्याच भरवशावर बाजाराला, दवाखान्याला आणि कचेरीला जातो.

बारामतीला आगार आहे, इंदापूरलाही आहे. आमचे गाव या दोहोंच्या मधे, नीरा डाव्या कालव्याच्या बाजूला. गावात सकाळची गाडी नव्हती. दहावीनंतर तीन पोरींची शाळा सुटली. आम्ही एकीच्या बापाला रागावलो. तो म्हणाला, "गुरुजी, अंधारात एकटी पोर फाट्यापर्यंत कशी धाडू?" आम्हाला उत्तर सुचले नाही.

चौकशी केली, तेव्हा आमचीच चूक कळली. चार गावांनी चार अर्ज केले होते. एकाला सातची गाडी हवी, दुसऱ्याला नवाची. रस्त्यावर बाभळी आल्या होत्या. गाडी कशी येणार? गाडीला डिझेल लागते. चालक-वाहकाला पगार लागतो. गाडी किती भरते, त्याला भारमान म्हणतात. भारमान नसेल, तर फेरी तोट्यात जाते.

मग चारही गावांची माणसे देवळात बसली. शाळांनी मुलांची गणती दिली. बाजाराला जाणाऱ्या बायांनी आपली वेळ सांगितली. ग्रामपंचायतींनी बाभळी तोडल्या, खड्डे बुजवले. ठराव चार झाले, पण अर्ज एकच केला. हेलपाटे पुष्कळ घातले. शेवटी गाडी आली.

दोन पोरी पुन्हा शिकू लागल्या. तिसरी मजुरीला लागली होती. ती परत आली नाही. आपण वर्षभर आधी एकत्र बसलो असतो तर? ही रुखरुख आम्हाला अजून आहे.

मंडळी, गाडी आली म्हणजे काम संपले नाही. आपण वडापने गेलो आणि एस.टी. रिकामी धावली, तर ती टिकेल कशी? शाळेच्या मुलींना मोफत पास आहे. २०२२ पासून पंचाहत्तरी उलटलेल्यांना प्रवास मोफत झाला. २०२३ पासून बायांना अर्धे तिकीट झाले. या सवलती घ्या.

तुकोबांची पालखी बारामती-इंदापुरावरून जाते. वारीत एकटा कोणी चालत नाही, दिंडी चालते. गाडीचेही तसेच आहे. गाव करी ते राव न करी.